पोटाचा घेर आणि शरीरातील छुपा दाह

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. यालाच वैद्यकशास्त्रात दाह म्हणतात. हा दाह आपला शत्रू नव्हे. जंतूंशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून येतात, त्याची ही चिन्हे असतात. काम आटोपले की चार-आठ दिवसांत सूज उतरते.

परंतु दाहाचा आणखी एक प्रकार आहे. तो दिसत नाही, दुखत नाही आणि सहसा आपणहून थांबतही नाही. राखेखालचा निखारा रात्रभर धुमसावा, तसा हा मंद दाह वर्षानुवर्षे शरीरात चालू राहतो. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या दीर्घकाळच्या विकारांत त्याचा मोठा वाटा असतो.

हा दाह कोठून येतो?

त्याचे एक प्रमुख उगमस्थान म्हणजे पोटातील चरबी. चरबी म्हणजे नुसते साठवणीचे कोठार, असे पूर्वी समजत. प्रत्यक्षात आतड्यांभोवती साठलेली चरबी रक्तात अनेक रसायने सोडत असते. 'इंटरल्यूकिन-६' हे त्यांपैकी एक. अशा रसायनांमुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात व रक्तातील साखर वाढू लागते. दुसरीकडे, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साचलेले कोलेस्टेरॉलचे थर दाहामुळे ठिसूळ होतात. असा थर फुटला की तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

याचा पुरावा 2017 साली मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यातील काहींना केवळ दाह कमी करणारे औषध दिले. त्यांचे कोलेस्टेरॉल तेवढेच राहिले, तरी पुढील झटक्यांचे प्रमाण घटले. ते औषध महागडे आहे आणि त्याने जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो, म्हणून सरसकट वापरता येत नाही. आपल्या हाती उरतो तो आहार आणि व्यायाम.

बारीक माणूस सुरक्षित असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर पुण्याने जगाला दिले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. मात्र मॅरेथॉन धावणाऱ्या डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के भरली. वजनकाटा एकच, पण आतले शरीर वेगळे!

या फरकाचे मूळ काही अंशी आईच्या पोटातच असते. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे हाडा-मांसाने लहान होती, चरबी मात्र त्या मानाने राखून होती. म्हणून गर्भवतीच्या ताटातील डाळ, दूध व पालेभाजी ही पुढच्या पिढीच्या मधुमेहाविरुद्धची पहिली तरतूद होय.

आपल्या भागात काय बदलले?

पनवेल परिसर हा भातशेतीचा. नांगरणी, लावणी, मळणी करणाऱ्याला ताटभर भात पचत असे. 1970 नंतर सिडकोसाठी जमिनी गेल्या, वसाहती उभ्या राहिल्या. शेत गेले, पण भाताचा ढीग ताटात तसाच राहिला. त्यात लोकलचा बैठा प्रवास, स्टेशनबाहेरचा वडापाव आणि दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे म्हणूनच वाढत आहेत.

काय करावे?

प्रथम टेप घेऊन घेर मोजावा. उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा समजावी.

ताटातला भात निम्मा करावा. ती जागा वाल, कुळीथ, मूग आणि माठ, शेवगा यांसारख्या भाज्यांनी भरावी. एका जेवणाला नाचणीची भाकरी घ्यावी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा व तारली जरूर खावी. त्यांतील स्निग्धांश दाह कमी करण्यास मदत करतो. मात्र ते कालवणात असावेत, तेलात बुडवून तळलेले नकोत. आपल्याकडची हिवाळ्यातली पोपटी पाहा. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर वालाच्या शेंगा शिजतात, तेलाचा थेंबही लागत नाही.

जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील घातक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला ती मर्यादा कोण लावणार? ते घरीच टाळावे. गोड सरबते, शीतपेये व फरसाण सणासुदीपुरते ठेवावे. तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद करावी. सुजलेल्या हिरड्याही मधुमेह बिघडवतात. रोज अर्धा तास भरभर चालावे.

हळदीविषयी अनेकजण विचारतात. आमटीतली चिमूटभर हळद उत्तम. परंतु हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. त्या मनाने घेऊ नयेत आणि त्यांच्या भरवशावर मधुमेहाचे औषध तर मुळीच बंद करू नये.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तातील साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही सोय असते. 'मी तर बारीक आहे' असे म्हणणाऱ्यांनी तर आधी जावे. निखारा राखेखाली असतो तोवरच तो विझवणे सोपे असते.