गॅसचा गिझर आणि बंद न्हाणीघर

गेल्या हिवाळ्यात एक सूनबाई न्हाणीघरात बेशुद्ध पडल्या. घरच्यांना वाटले, फिट आली. मी विचारले, "गिझर गॅसचा का? खिडकी बंद होती का?" दोन्हींचे उत्तर 'हो'. प्राणवायू मिळाला म्हणून त्या वाचल्या.

कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते. कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला बसा. कोणी पडल्यास कांदा हुंगवत बसू नका; मोकळ्या हवेत आणून तडक रुग्णालय गाठा.