आधी पान बघ, मग खत घाल

अगं, काल तू फोनवर म्हणालीस, "ताई, गुलाबाला सगळं घातलं, तरी पानं पिवळीच." ते 'सगळं' ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. शहरातल्या छावणी भागात राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं. मूठभर डीएपी बुंध्याशी टाकलं, वर पाणी कमी दिलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग फांद्या वाळल्या. आईने दिलेलं देशी गुलाबाचं रोप होतं ते. आजही हळहळ वाटते.

म्हणून सांगते, आधी पान बघ. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली असतील तर नत्र कमी पडतंय. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये. आपल्याकडे बहुतेक वेळा दुखणं हेच असतं. खाली काळा दगड, वर मुरूम आणि चुनखडीची माती. त्यात बोअरचं पाणी असं, की बादलीला पांढरा थर बसतो. गुलाबाला मानवतो साडेसहाच्या आसपासचा सामू. तो आठाकडे गेला की मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. ताट वाढलेलं, पण हात बांधलेले! त्यावर तू डीएपी घालत राहिलीस तर जास्तीच्या स्फुरदाने लोह आणि जस्त आणखी अडकतं.

लोहाची पुडी घेताना तिच्यावर ईडीडीएचए लिहिलंय का ते बघ. ईडीटीए असलेलं लोह आपल्या चुनखडीत टिकत नाही. ईडीडीएचएवालं मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवार. आणि अंड्याची टरफलं कुंडीत टाकणं बंद कर बाई. कॅल्शियम आपल्या मातीत मुळातच भरपूर आहे.

युरियाचा मोहही सोड. त्याने फांद्या लुसलुशीत वाढतात, त्यांच्यावर मावा बसतो आणि कळ्या मात्र येत नाहीत.

ऑक्टोबरात छाटणी केलीस की चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाल. गुरुवारी छावणीच्या बाजारात जनावरं येतात, पण तिथलं ताजं शेण आणून घालू नकोस, कुजताना ते मुळांना चटका देतं. नवी फूट आली, बारीक कळी दिसली, की पालाश दे: सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला दोन ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आणि तेही ओल्या मातीतच. पालाशाने दांडा दणकट होतो, फुलाचा रंग खुलतो. छाटणीपासून साधारण दीड महिन्यात फुलं येतील. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र खताला हात लावू नकोस. तेव्हा झाडाला पाणी आणि सावली पुरे.

एवढं करूनही पिवळेपणा गेला नाही तर कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीची चौकशी कर. अंदाजाने खत घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रविवारी मी येतेच आहे. तोवर त्या कुंडीत नवं काहीही घालू नकोस.