गरोदरपणात गाडीचा धक्का : दोघांनी समजून घ्यावे असे



दसरा झाला की बीड जिल्ह्यातून कोयते निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, केजच्या वाड्यातांड्यांवरची बिऱ्हाडे ट्रक-ट्रॉलीत भरून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकचा रस्ता धरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बायको गरोदर असली, तरी तिला जागा मिळते ती भांड्याकुंड्यांच्या ढिगावर.

ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे. तिच्यात धरायला काही नसते, आणि उलटली तर सारा बोजा अंगावर येतो. म्हणून गरोदर बाईला एस.टी.ने पाठवावे. 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मेच भाडे आहे. मुकादम हसेल, हसू द्या. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर तिला कधीच बसवू नये. मोटारसायकलवर पदर खोचून घ्यावा, हेल्मेट दोघांनीही घालावे. जीपमध्ये पट्टा असेल तर तो पोटावरून नको. पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घ्यावा.

अपघात झाल्यावर "कुठं खरचटलं सुद्धा नाही" म्हणून पुष्कळजण कोपीवरच थांबतात. इथेच घात होतो. बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते. धक्क्याने गर्भाशय ताणते, वार ताणत नाही. मग ती सुटते. रक्त आतच साठते, बाहेर थेंबही दिसत नाही. हे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघड होते. पोट दगडासारखे कडक होणे, कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही दिसेपर्यंत वाट पाहू नका. पाच महिने उलटले असतील तर नुसत्या धक्क्यानंतरही दवाखान्यात जावे. तिथे निदान चार तास बाळाचे ठोके पाहतात.

108 ला फोन करा. कर्नाटकातही नंबर हाच. गाडी येईपर्यंत बाईला डाव्या कुशीवर निजवा, म्हणजे पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. मात्र मान किंवा पाठ दुखत असेल तर तिला वाकवू नका, उठवू नका.

हंगामात दिवस राहू नयेत असे वाटत असेल, तर निघण्यापूर्वीच दोघांनी तांबी किंवा गोळ्यांविषयी उपकेंद्रात विचारावे. तिथे लाज कसली?

नवऱ्याने बायकोचे कार्ड आपल्या खिशात ठेवावे. त्यावर रक्तगट असतो. तो निगेटिव्ह असेल तर अपघातानंतर डॉक्टरांना आधी तेच सांगावे. त्यासाठीचे इंजेक्शन 72 तासांच्या आत द्यावे लागते.