भूकमळ आणि कळलावी

रानातील भूकमळांचा पाठ मंडळीत वाचला की, हे भूकमळ म्हणजे कोणते फूल, असा प्रश्न हटकून येतो. याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. कित्येक म्हणतात की, पॅलेस्टाइनच्या टेकड्यांवर वसंताच्या आरंभी जी नाना प्रकारची रानफुले उमलतात त्या सर्वांस मिळून तो शब्द लाविला असावा; आणि त्या फुलांत डोंगरी ट्यूलिप हे एक आहे. त्याचा रंग लालभडक असून पाकळ्यांच्या तळाशी काळा डाग असतो. पाने व दांडा वाळून गेले तरी कांदा मातीखाली जिवंत राहतो आणि पुढील पावसानंतर पुन्हा फुटतो.

रानटी ट्यूलिपच्या पाऊणशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील एक आपल्या देशात काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या डोंगरांत आढळते. तिच्या पाकळ्या आतून पांढऱ्या व बाहेरून तांबूस असतात. तिचाच एक प्रकार पिवळा आहे. महाराष्ट्रात मात्र रानटी ट्यूलिप नाही. तथापि त्याची एक दूरची नातलग आमच्या माकणीच्या लोकांस चांगली परिचित आहे. ती कळलावी होय. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांस लिलीच्या एकाच कुळात गणीत. आता कुळे निराळी केली आहेत, परंतु गण एकच आहे.

ओळख

मृगाचा पाऊस पडला म्हणजे कुंपणाच्या काट्यांतून कळलावीचा कोंब वर येतो. पानाचे टोक लांब होऊन दोऱ्यासारखे वळते व त्याने वेल आधारास धरून चढते. श्रावण-भाद्रपदात फूल येते. त्याचे तोंड खाली असते, पण सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडांनी नागमोडी, जणू चुलीतील ज्वाळा. म्हणूनच संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. फूल प्रथम हिरवट, मग पिवळे, नारिंगी व शेवटी लाल होते. यास्तव एकाच वेलीवर सर्व रंग दिसतात. मातीखालील गड्डा नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून दुसरे नाव लांगली. पावसाळा सरला की वेल वाळते आणि गड्डा उन्हाळाभर निजून राहतो.

कार्ल लिनिअस यांनी १७५३ साली तिचे ग्लोरिओसा सुपर्बा असे नाव नोंदविले. आफ्रिकेत तिचे निरनिराळे प्रकार आहेत: एक सर्वस्वी पिवळा, दुसरा मोठ्या लाल फुलांचा व पिवळ्या काठाचा. पूर्वी यांस वेगळ्या जाती मानीत. आता पुष्कळ शास्त्रज्ञ ते एकाच जातीचे प्रकार धरतात. झिंबाब्वे देशाचे राष्ट्रीय फूल व तमिळनाडूचे राज्यफूल हेच आहे.

विष

या रूपाच्या आत कोल्चिसीन नावाचे विष आहे. ते वेलीच्या सर्व भागांत असते. गड्ड्यात व बियांत विशेष. शिजविल्याने ते जात नाही. रताळे समजून गड्डा खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. काही तासांत पटकीसारखे जुलाब व वांत्या सुरू होतात; पुढे मूत्रपिंडे व रक्त बिघडते; जो वाचतो त्याचे केस आठ-पंधरा दिवसांनी गळतात. सहज मिळेल असा उतारा या विषावर नाही.

तेच विष मोजून दिले असता औषध होते. सांध्यांच्या एका दुखण्यावर, ज्यास गाऊट म्हणतात, वैद्य अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. १९३७ साली असे दिसून आले की, या द्रव्याने वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे दुप्पट होतात. त्यातूनच पुढे बिनबियांचे कलिंगड निघाले. तमिळनाडूतील शेतकरी औषधी बियांसाठी कळलावीचे पीकही घेतात. म्हणजे दोष वेलीचा नव्हे. मापावाचून केलेल्या वापराचा आहे.

नावाचा धोका

गेल्या श्रावणात आम्ही माकणी येथे एका घरी प्रार्थनेस गेलो होतो. घरची वृद्ध बाई गड्डा धुऊन सहाणेपाशी बसली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, सुनेचे दिवस भरलेत. ही मुळी उगाळून बेंबीला लावली की लवकर सुटका होते. आमची सासू असंच करायची. कळ लावते म्हणून तर कळलावी!"

आम्ही म्हणालो, "आजी, तुमची माया आम्हांस कळते. पण किती उगाळावी, अंगात किती विष शिरेल, याचे माप तुमच्या सासूबाईंपाशी होते काय?"

ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी पहिली जाऊ अशीच गेली. तेव्हा सगळ्यांनी नशीब म्हटलं."

त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या जावेचा मृत्यू मुळीने झाला की अन्य कारणाने, हे आज कोणी सांगू शकणार नाही. आजीने गड्डा स्वतःच्या हाताने खड्ड्यात पुरला आणि सायंकाळच्या आत सुनेस रुग्णालयात पोहोचविले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

काय करावे

१. मुलांस ही वेल फुलासकट दाखवून ओळख करून द्यावी. केवळ भय घालू नये.

२. शेतात अनोळखी गड्डा निघाल्यास रताळे समजून भाजू नये.

३. बाळंतपणासाठी किंवा गर्भ पाडण्यासाठी ही मुळी पोटात देऊ नये व अंगासही लावू नये.

४. कोणी खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व वेलीचा तुकडा बरोबर न्यावा. झाडपाल्याच्या उताऱ्यात वेळ दवडू नये.

५. वेल उपटून नष्टही करू नये. औषधासाठी फार खणल्यामुळे ती कित्येक ठिकाणी दुर्मिळ झाली आहे. कुंपणावर आहे तेथेच तिला राहू द्यावे.

रानातील फुलांकडे पाहून शिका, अशी आपणांस आज्ञा आहे. पाहणे म्हणजे रूपाने भुलणे नव्हे, आणि ऐकीव नावावर विसंबणेही नव्हे.

अभ्यासासाठी प्रश्न: कळलावीचे फूल कोणत्या क्रमाने रंग बदलते? तिचे विष कोणत्या भागांत अधिक असते? आपल्या गावात ती कोठे उगवते, आणि मुलांपैकी किती जण तिला ओळखतात?