सायकलीसाठी राखलेली जागा

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची सायकल चोरीस गेली. शिकवणीसाठी तो बेळगावातील एका नव्या पाचमजली इमारतीत जात असे. त्या इमारतीच्या तळाशी मोटारींसाठी पांढऱ्या रेघा आखून प्रशस्त जागा केलेली आहे. परंतु सायकल आत आणण्यास पहारेकऱ्याने मनाई केली, म्हणून मुलाने ती बाहेर विजेच्या खांबाजवळ कुलूप लावून उभी केली. तासाभराने तो खाली आला तेव्हा खांब तेवढा जागेवर होता. सायकल त्याच्या वडिलांनी वापरलेली, जुनी होती. पण सहा किलोमीटरवरून शाळेत वेळेवर येण्याचे त्याचे तेवढेच साधन होते. पुढे महिना-दीड महिना पहिल्या तासाच्या हजेरीत त्याच्या नावापुढे रोज उशिराची खूण होत राहिली.

वर्गात या गोष्टीची चर्चा चालली असता एका मुलीने विचारले, "मोटारीसाठी जागा ठेवावीच लागते, असा नियम आहे ना? मग सायकलीसाठी का नाही?" प्रश्न साधा होता, परंतु त्या वेळी आम्हास त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पुढे या विषयाचा थोडा अभ्यास केला, त्याचे फळ येथे मांडीत आहोत.

आपल्या मालकीच्या जमिनीवर आपण हवे ते बांधू शकतो, अशी सर्वसामान्य समजूत असते. वास्तविक कोणत्याही शहरात तसे नसते. कोणत्या भागात कारखाने असावेत, कोठे वस्ती असावी, इमारत किती उंच न्यावी, रस्त्यापासून किती अंतर सोडावे, हे सर्व नगराच्या नियमांनी ठरते. इंग्रजीत यास झोनिंग म्हणतात. आपण विभागनियमन म्हणू. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे आहे. तेथे १९१५ साली इक्विटेबल नावाची एक प्रचंड इमारत उभी राहिली. एका एकराहूनही लहान भूखंडावर सुमारे १२ लाख चौरस फुटांचे मजले चढविलेले! तिच्या सावलीने आजूबाजूचे रस्ते व कचेऱ्या अंधारल्या. अशा इमारती पुढे आणखी होतील या भीतीने शहराने १९१६ साली संपूर्ण नगरास लागू होणारे विभागनियमन केले. म्हणजे या शास्त्राच्या मुळाशी शेजाऱ्याच्या वाट्याचा उजेड होता. १९६१ साली हे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट मजले बांधता येतील याचे प्रमाण घालून देण्यात आले. आपल्याकडे यासच चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवावा. सायकलीच्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

मोटारींसाठी जागा सोडण्याचे नियम जगभर विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाले. सायकल मात्र गरिबाचे किंवा मुलांचे वाहन म्हणून कागदाबाहेर राहिली. न्यूयॉर्कच्या नगररचना खात्याने या शतकाच्या आरंभी पाहणी केली, तेव्हा असे दिसून आले की, कामावर सायकलीने न जाण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे तेथे पोहोचल्यावर सायकल सुरक्षित ठेवण्यास जागा नसणे. रस्त्यावर कितीही पट्टे आखले तरी प्रवास जेथे संपतो तेथे सोय नसेल, तर मनुष्य सायकल घराबाहेर काढीतच नाही. आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट याहून निराळी नाही.

यावर त्या शहराने एप्रिल २००९ मध्ये विभागनियमनात दुरुस्ती केली. दहांहून अधिक घरे असलेल्या नव्या निवासी इमारतीत दर दोन घरांमागे एक सायकल राहील एवढी जागा ठेवावी. कचेऱ्यांच्या इमारतीत दर ७,५०० चौरस फुटांमागे एक व दुकानांच्या इमारतीत दर १०,००० चौरस फुटांमागे एक, असे साधारण प्रमाण ठरले. जागा छपराखाली व सुरक्षित असावी, सायकल बांधण्यास स्थिर आधार असावा, एवढेच नव्हे तर दाराबाहेर ही सायकलींची जागा आहे अशी पाटी लावावी आणि तिच्यावरील अक्षरे निदान पाऊण इंच उंचीची असावीत, हेदेखील नियमात आले. पाऊण इंचाचे कलम वाचून प्रथम आम्हास हसू आले. परंतु पाटी नसलेल्या खोलीत वर्षभरात मोडक्या खुर्च्या व रंगाचे डबे कसे जमा होतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या कलमाचे मर्म कळेल.

एका सायकलीस किती जागा लागते? सायकलीची लांबी सुमारे सहा फूट व हँडलची रुंदी सुमारे दोन फूट, म्हणजे उभी असता ती बारा चौरस फूट जमीन व्यापते. काढता-घालता यावी म्हणून थोडी अधिक जागा धरून न्यूयॉर्कने दर सायकलीस १५ चौरस फूट धरले. त्याच नियमावलीत एका मोटारीस, वळविण्याच्या जागेसह, ३०० चौरस फूट धरण्याची रीत आहे. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा: एका मोटारीच्या जागेत वीस सायकली! आता दीड लाख चौरस फुटांची कचेऱ्यांची इमारत घेऊ. तिला नियमाप्रमाणे वीस सायकलींची जागा हवी, म्हणजे ३०० चौरस फूट. एकूण बांधकामाचा केवळ पाचशेवा भाग.

एवढ्याशा जागेसाठी बांधणाऱ्याने का कुरकुरावे, असे कोणी म्हणेल. परंतु मोठ्या शहरात चौरस फुटाला जे मोल असते त्यापुढे ही कुरकुर अगदीच निराधार म्हणता येत नाही. येथे नियम करणाऱ्यांनी जी युक्ती योजिली ती आम्हास फार मार्मिक वाटते. सायकलींसाठी सक्तीने ठेवावयाची जागा इमारतीच्या चटईक्षेत्रात धरावयाची नाही, असे त्यांनी ठरविले. म्हणजे मालकास जेवढे मजले विकण्यासाठी बांधता येत होते तेवढे पूर्ववत राहिले आणि सायकलींची खोली वरकड मिळाली. जागा द्यावी लागते, पण हक्कातून वजा होत नाही. नुसता दंड सांगणाऱ्या नियमापेक्षा असा नियम अधिक पाळला जातो, असे आमचे मत आहे.

तथापि या नियमाची एक मोठी उणीव होती. तो मुख्यतः नव्या इमारतींना व जुन्यांच्या मोठ्या विस्तारांना लागू होता. शहरातील असंख्य जुन्या कचेऱ्या त्यातून सुटल्या. म्हणून त्याच वर्षी शहराने दुसरा कायदा केला व तो डिसेंबर २००९ मध्ये अमलात आला. मालवाहू लिफ्ट असलेल्या कचेऱ्यांच्या इमारतीत भाडेकरूने मागणी केल्यास त्याच्या लोकांना सायकल वर नेऊ द्यावी. लिफ्ट त्या कामी सुरक्षित नसेल किंवा जवळच दुसरी चांगली सोय असेल तरच मालकास सूट मागता येईल, असा त्याचा आशय आहे. पहिल्या नियमाने खोली दिली, दुसऱ्याने दार उघडले. आमच्या विद्यार्थ्याला गरज होती ती दुसऱ्याची. कारण त्या इमारतीत जागा होती, प्रवेश नव्हता.

त्याच देशाच्या पश्चिमेकडील पोर्टलंड शहराच्या नियमांत एक उपयुक्त भेद केलेला आढळतो. राहणाऱ्याची किंवा नोकराची सायकल दिवसभर वा रात्रभर राहते. तिला बंदिस्त, कुलपाची जागा हवी. पाहुण्याची किंवा गिऱ्हाइकाची सायकल घटकाभर थांबते. तिला मुख्य दाराजवळची, चटकन दिसणारी जागा हवी. दोन्हींची मापे व संख्या तेथे निराळी सांगितलेली आहेत. आपण मात्र सर्वांना एकाच भिंतीला टेकवितो.

सायकलींचा देश म्हणून नेदरलंड्सचे नाव सर्वांच्या ओठांवर असते. तेथील इतिहास मात्र सरळ रेषेत गेलेला नाही. घराबरोबर सायकल ठेवण्याची कोठी असावी हा तेथील बांधकामविषयक राष्ट्रीय नियमांतील जुना दंडक २००३ साली नियम कमी करण्याच्या ओघात काढून टाकण्यात आला. सायकल तर सर्वांजवळ आहे, तेव्हा बांधणारे आपण होऊन सोय करतीलच, असा विश्वास असावा. परंतु २०१२ साली तो दंडक पुन्हा घालावा लागला: नव्या घरास कुलूप लावता येईल अशी निदान पाच चौरस मीटर क्षेत्राची व १.८ मीटर रुंदीची कोठी हवी. जेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत तेथेही ही गोष्ट केवळ समजुतीवर सोडता आली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच देशात उट्रेख्ट येथील रेल्वेस्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ २०१९ साली पुरा झाला.

जपानने १९८० साली सायकलीविषयी कायदा करून, मोठी दुकाने, बँका, खेळघरे अशा गर्दी खेचणाऱ्या इमारतींवर सायकलतळ बांधण्याची सक्ती करण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. रेल्वेस्थानकांबाहेर सायकलींचे ढीग साचून चालणाऱ्यांची वाट बंद झाली होती, हे त्याचे कारण.

मग आपल्याकडे काहीच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून सर्व महाराष्ट्रात ओळखले जाई आणि तेथील महानगरपालिकेच्या बांधकाम नियमांत मोटारी व स्कूटर यांच्या शेजारी सायकलींचा रकाना कित्येक वर्षे होता. परंतु रकाना असणे निराळे व जागा असणे निराळे. पुण्यातील एका जुन्या गृहसंस्थेत आम्ही उतरलो होतो, तेथे सायकलींसाठी म्हणून बांधलेल्या पडवीत स्कूटरी दाटीने उभ्या होत्या आणि दोन सायकली जिन्याच्या कठड्याला साखळीने बांधलेल्या होत्या. पाटी मात्र कोठे दिसली नाही! आमच्या कर्नाटकात २००६-०७ या वर्षापासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. खेड्यापाड्यांतील किती मुली त्यामुळे शाळेपर्यंत आल्या, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. सायकली वाटल्या गेल्या. त्या दिवसभर कोठे उभ्या राहतील हा विचार मात्र ज्याच्या त्याच्या पटांगणावर सोडला गेला.

वरील माहिती वर्गात सांगितल्यावर विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेचा सायकल स्टँड मोजावयाचे ठरविले. फीत घेऊन दोन दुपारी हे काम झाले. पत्र्याची शेड साठ फूट लांब व बारा फूट रुंद, म्हणजे ७२० चौरस फूट भरली. न्यूयॉर्कच्या पंधरा फुटांच्या मापाने तीत ४८ सायकली मावाव्यात. त्या दिवशी पटांगणात मोजल्या तेव्हा सायकली ११३ होत्या! उरलेल्या उन्हात, चिंचेखाली व एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. परंतु त्याच नियमात एक सवलत आहे. सायकली नीट मावतात हे आराखड्याने दाखवून दिल्यास व तो बांधकाम अधिकाऱ्याने मान्य केल्यास दर सायकलीस नऊ चौरस फुटांपर्यंत जागा कमी करता येते, म्हणजे सहा फूट पुरतात. हे एकावर एक अशा दोन मजली लोखंडी चौकटींनीच साधणार. त्या हिशेबाने आमच्या शेडमध्ये १२० सायकली राहतील.

वरच्या चौकटीत सायकल चढविणे पाचवीच्या मुलांना झेपणारे नाही, हा आक्षेप वर्गातूनच आला. तेव्हा खालची रांग लहानांना व वरची नववी-दहावीला, असे ठरवून मुलांनी आराखडा काढला व तो मुख्याध्यापकांकडे दिला आहे. चौकटींना लागणाऱ्या लोखंडाचा खर्च पालकसभेपुढे यावयाचा आहे. ११३ सायकली बसवून ज्या सात जागा उरतात, त्यांवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच 'पाहुण्यांसाठी' असे लिहिले आहे. अक्षरे फुटपट्टीने मोजून पाऊण इंचाची काढली आहेत.