सामाईक प्रयोगशाळेची शिस्त

शाळेच्या प्रयोगशाळेंत नाजूक तराजू एकच आणि वर्गांत मुलें चाळीस, असा प्रसंग आला म्हणजे काय होतें, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. एकानें जमविलेलीं वजनें दुसरा उचलतो, तिसरा तराजू सोडीतच नाहीं, आणि तास संपला तरी कोणाचाच प्रयोग पुरा होत नाहीं. आतां अशी कल्पना करा कीं, ती प्रयोगशाळा एका खोलींत नसून पृथ्वीच्या पाठीवर शेंकडों ठिकाणीं विखुरलेली आहे, व तिचे वांटेकरी एकमेकांस पाहूंही शकत नाहींत. मग तिची व्यवस्था कशी राखावी?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. इंटरनेटवरून संदेश पाठविण्याच्या नव्या रीती खऱ्या मार्गांवर, खऱ्या विलंबांत व खऱ्या बिघाडांत पारखून पाहाव्या लागतात. ह्या हेतूनें इ. स. २००२ मध्यें अमेरिकेंत ‘प्लॅनेटलॅब’ स्थापन झाली. प्रिन्स्टनचे लॅरी पीटरसन व बर्कलेचे डेव्हिड कलर हे तिच्या प्रवर्तकांपैकीं होत. प्रत्येक संस्थेनें आपले कांहीं संगणक द्यावे व सर्वांचे वापरावे, असा तिचा नियम असे. संशोधकास एक ‘स्लाइस’ मिळे; म्हणजे पुष्कळ संगणकांतील थोडाथोडा वांटा. एकाच यंत्रावर अनेकांचे प्रयोग चालत, पण एकाच्या कामांत दुसऱ्याचा हात शिरत नसे. ही प्रयोगशाळा २०२० सालीं बंद झाली.

परंतु वांटा मिळाल्यानें प्रयोग होत नाहीं. शेंकडों यंत्रांवर स्वहस्तें आज्ञावली चढवावी, ती सुरू करावी, तोंच कांहीं यंत्रें बंद पडलेलीं आढळावीं, असें घडे. ह्यावर उपाय म्हणून सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जेनी ऑल्ब्रेख्त व त्यांचे सहकारी यांनीं ‘प्लश’ नांवाचें साधन रचिलें. संशोधकानें प्रयोगाचें वर्णन एकदां लिहून द्यावें. मग योग्य यंत्रें शोधणें, त्यांवर आज्ञावली पोंचविणें, ती चालविणें, देखरेख ठेवणें व एखादें यंत्र बिघडल्यास तोड काढणें, हीं कामें प्लश करी.

ह्यांतील एक युक्ति विचार करण्याजोगी आहे. प्रयोगाच्या पायऱ्यांमध्यें एक नाकें असतें. सर्व यंत्रें तेथें पोंचल्यावांचून पुढील पायरी सुरू होत नाहीं. पण शेंकडों यंत्रांत एखादें तरी रेंगाळणारच, व त्यापायीं सर्वांचा खोळंबा होणार. म्हणून ह्या संशोधकांनीं २००६ सालीं ‘अंशतः नाकें’ ही कल्पना मांडली. बहुतेक यंत्रें पोंचलीं व मागून येणारांचा ओघ मंदावला, कीं नाकें उघडावें.

युक्ति उपयुक्त खरी. तथापि तींत एक धोका आहे. मंद यंत्रें नेहमींच वगळलीं, तर जो निष्कर्ष निघेल तो केवळ वेगवान मार्गांचा होईल, आणि जेथें सुधारणेची गरज अधिक, तेथील हालहवाल कधींच कळणार नाहीं. नव्याण्णव मेंढरें सुखरूप असतां हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टान्त आपण शाळेंत ऐकतों. संशोधकास प्रत्येक वेळीं थांबतां येत नसेल; परंतु मागें कोण राहिलें व कां राहिलें, हें त्यानें वहींत प्रामाणिकपणें नोंदविलेंच पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही प्रयोगाच्या वहींत न जुळलेला आंकडा खोडूं नका. आणि तास संपतांच तराजू स्वच्छ करून पुढच्याच्या स्वाधीन करा. सामाईक वस्तूचा उपभोग घेणाराचें हें पहिलें कर्तव्य होय.