खांदा बसला, तरी दुखणं संपत नाही

कबड्डीत चढाई करताना माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला. गावातल्या जाणकाराने ओढून बसवला, लेप लावला, आणि थोड्याच दिवसांत मी कापसाची गाठोडी उचलू लागलो. पुढे खांदा कशानेही निसटायचा. एसटीत वरच्या फळीवर पिशवी ठेवताना, अगदी झोपेत कूस बदलतानासुद्धा. आमच्या नंदुरबारच्या शहादा तालुक्यात ‘हात उतरायची खोडच लागली’ असं म्हणून लोक सोडून देतात.

खांद्याची वाटी मुळातच उथळ. तिच्या कडेची कूर्चेची किनार दंडाच्या हाडाचा गोळा आत धरून ठेवते. पहिल्या झटक्यात बहुतेकदा पुढची किनार हाडापासून सुटते आणि पुन्हा नीट जागेवर चिकटत नाही. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये हे मांडलं. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंचा खांदा पुन्हा पुन्हा निखळतो तो यामुळे. दर वेळी वाटीची कड झिजत जाते, गोळ्याला मागून खोच पडते.

डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं, कोपर वाकवून हात हळूहळू बाहेर फिरवला. दुखत नव्हतं, पण खांदा आता सुटणार या भीतीने मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्यांचं निदान तिथेच झालं. एमआरआयने किनार दिसते. हाड किती झिजलं हे सीटी स्कॅनवर नेमकं कळतं. ते विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. वाटीचा पाचवा-चौथा हिस्सा झिजला असेल, तर दुर्बिणीतून घातलेले टाके टिकण्याची खात्री कमी. मग हाडाचा तुकडा बसवायची लाटार्जे शस्त्रक्रिया सुचवतात. माझं हाड शाबूत होतं, म्हणून लहान छिद्रांतून अँकर बसवून किनार शिवता आली.

पोरं क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचं उदाहरण देतात. मार्च २०२१ मध्ये पुण्यात त्याचा खांदा दुखावला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरमध्ये तो आयपीएलमध्ये परतला. खरं आहे, पण व्यावसायिक खेळाडूच्या दिमतीला फिजिओ असतो. आपल्याला चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवून, पुढचे कित्येक महिने व्यायाम स्वतः सांभाळावा लागतो. कबड्डीसारखा अंगाला भिडणारा खेळ साधारण सहा महिन्यांनंतरच, तोही डॉक्टरांना विचारून.

नंदुरबारहून रेल्वेने सुरत जवळ, म्हणून बरेचजण शस्त्रक्रियेसाठी तिकडेच जातात. जाण्याआधी, परतल्यावर व्यायाम कोण घेणार हे ठरवा. व्यायामाचा तक्ता लिहून आणा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय बसतं का, हे योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आणि शाळांना, मंडळांना कळकळीची विनंती : मैदानावर कोणालाही खांदा ओढू देऊ नका. हात गमछ्याने छातीशी बांधा आणि थेट एक्स-रेला न्या. खांद्याची बाहेरची बाजू बधिर वाटत असेल, तर डॉक्टरांना सगळ्यांत आधी तेच सांगा. नस दुखावलेली असू शकते.